व्हीनस फ्लायट्रॅप: पावसाळा ते उन्हाळा, कोल्हापूरच्या गच्चीवर

आधी निकाल सांगतो. खिडकीत ठेवायला शोभेचं झाड हवं असेल, तर व्हीनस फ्लायट्रॅप हे किडे पकडून खाणारं झाड घेऊ नका. एखाद्या झाडासमोर बसून ते काय करतंय हे बघायची हौस असेल, तर जरूर घ्या.

मी बालनाट्यांसाठी बाहुल्या आणि मुखवटे करतो. यंदाच्या नाटकात जंगलातली एक वेल होती. तिनं बोलायचं नाही, चालायचं नाही, फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यावर पाळत ठेवायची. माझ्या डोक्यात जिम हेन्सन यांच्या ‘लॅबिरिन्थ’ (१९८६) या सिनेमातलं शेवाळ होतं. चक्रव्यूहाच्या भिंतीवर ते वाढलेलं असतं, देठांच्या टोकांना डोळे असतात आणि नायिका सारा पुढं निघाली की ते डोळे तिच्यामागं वळतात. सिनेमात ते थोडाच वेळ दिसतं आणि कुणाच्या केसालाही धक्का लावत नाही. तरी आजही बघताना अंगावर काटा येतो. असं का होतं, हे मला बाहुली करायच्या आधी समजून घ्यायचं होतं, म्हणून खरोखर टपून बसणारं झाड घरी आणलं.

ऑनलाइन मागवलं, साडेपाचशेच्या आसपास पडलं. प्लास्टिकच्या डबीत, मुळांभोवती ओलं मॉस गुंडाळून आलं. प्रवासात एक-दोन सापळे, म्हणजे किडे पकडायला मिटणारी पानं, काळे पडले होते, पण मधला कोंब हिरवागार होता आणि तोच महत्त्वाचा. विक्रेत्यानं सोबत दिलेल्या कागदावर मात्र ‘महिन्यातून एकदा खत घाला’ असं छापलं होतं, आणि हे सरळसरळ चूक आहे. हे झाड अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाच्या दलदलीचं. तिथल्या मातीत नत्र जवळजवळ नसतंच, म्हणून तर ते किडे खातं. मुळांना क्षार सोसत नाहीत. खत, शेणखत, बागेतली काळी माती यातलं काहीही नको. स्फॅग्नम मॉस (दलदलीतलं शेवाळ) आणि परलाइट (पांढरे हलके खडे) एवढंच पुरे.

खरी कसोटी पाण्याची. नळाचं पाणी चालत नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडं प्रश्नच नव्हता, गच्चीवर घमेली मांडून कॅन भरून ठेवले. दिवाळीनंतर ते संपले तेव्हा आरओचं पाणी सुरू केलं. घरच्या प्युरिफायरमध्ये चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात, त्यामुळं आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारं मीटर लावून बघा. आकडा पन्नास पीपीएमच्या खाली हवा. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवायची आणि वरून ओतायचं नाही. ऊन कडक लागतं, निदान चार-पाच तास. एप्रिलमध्ये दुपारपुरती हिरवी जाळी बांधली, कारण सकाळी भरलेली ताटली संध्याकाळी कोरडी दिसायला लागली.

हिवाळ्यात ते मलूल पडतं. पानं आखूड होऊन मातीला टेकतात, जुने सापळे काळे पडतात. मेलं समजून टाकू नका, ती त्याची विश्रांती आहे. आपली थंडी त्याच्या मानानं सौम्य, म्हणून मी त्या काळात कुंडी गच्चीच्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवली. फेब्रुवारीअखेर नवी पानं आली.

आता ज्यासाठी आणलं ते. सापळा म्हणजे पुस्तकासारख्या मिटणाऱ्या दोन पाळ्या, आणि प्रत्येक पाळीवर आतून सहसा तीन बारीक केस असतात. भिंगातून बघितलं तरच नीट दिसतात. माशी येऊन बसली, कडेचा गोडसर रस चाटत आत सरकली, एका केसाला तिचा पाय लागला. काहीच झालं नाही. सापळा तसाच उघडा. ती थोडी पुढं गेली, दुसऱ्यांदा पाय लागला आणि सेकंदाच्या दहाव्या भागात पाळ्या मिटल्या. दोन स्पर्श साधारण वीस सेकंदांच्या आत झाले तरच हे घडतं, नाहीतर पहिला स्पर्श बाद. मिटल्यावरही लगेच घट्ट होत नाही, कडेच्या दात्यांतून बारकी मुंगी निसटू शकते. आतला जीव धडपडत राहिला तरच पाचकरस सुटतो. २०१६ साली जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं की दोन स्पर्शांना झाड मिटतं आणि साधारण पाच झाले की पचनाची तयारी करतं. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, तरी मोजतं! आठ-दहा दिवसांनी सापळा उघडला तेव्हा आत माशीचं कोरडं टरफल होतं.

तो पहिला स्पर्श मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. झाडाला कळलंय, पण ते थांबलंय. त्या शेवाळाचंही तेच आहे: डोळे वळतात आणि पुढं काहीच होत नाही, म्हणून भीती बसते. माझी वेल आधी कुणी जवळ आलं की लगेच झडप घालायची. ते काढून टाकलं. आता पात्र पहिल्यांदा घासून जातं तेव्हा वेलीच्या पाच डोळ्यांपैकी सायकलच्या ब्रेक केबलवर बसवलेला एकच डोळा इंचभर वळतो आणि थांबतो. बुबुळांसाठी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतल्या, गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिरांकडं गेलो. त्यांनी बुबुळ वरच्या पापणीखाली किंचित सरकवायला लावलं, आणि पाचही डोळ्यांना नजर आली. तालमीला आलेली पोरं त्या वेलीजवळून जाताना आपोआप दबकत चालतात.

घरच्या मुलांना सापळे बोटानं टोचू देऊ नका. विनाकारण मिटल्यावर उघडायला दिवसभर जातो, आणि ठरावीक वेळा मिटून झाला की तो सापळा गळून पडतो. डासांवर उपाय म्हणून घेणार असाल, तर निराशा होईल.

कीटकभक्षी वनस्पती आपल्या सह्याद्रीतही आहेत. कासच्या पठारावर दवबिंदू आणि सीतेची आसवं पावसाळ्यात दिसतात. त्या तिथंच बघा, उपटून आणू नका. फ्लायट्रॅपही टिश्यू कल्चरचाच, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला, आहे का, हे विक्रेत्याला विचारून घ्या. त्याच्या मूळ जागी इतकी चोरी झाली की नॉर्थ कॅरोलायनात २०१४ पासून ही झाडं चोरून उपटणं गंभीर गुन्हा आहे. घ्यायचा तर जूनच्या तोंडाला घ्या, म्हणजे पहिले चार महिने पाण्याची चिंता नाही.