पेजेचे डाग गेले, साडीची कांजी पण गेली: एन्झाइमवालं लिक्विड, ४ स्टार

दोन महिने वापरून मग लिहितेय, बाटली आली त्याच दिवशी पाच स्टार देणाऱ्यांतली मी नाही.

घरात दीड वर्षाचं पोर आहे त्यामुळे मऊ भात, नाचणीची पेज, साबुदाण्याची खीर हे सगळं आधी लाळेऱ्यावर, मग माझ्या गाऊनवर, आणि उरलं तर त्याच्या पोटात. पेज वाळली की कापडाचा पुठ्ठा होतो, पावडरने कितीही घासा तिथे एक कडक गोल राहतोच आणि मग त्यावर मळ धरून तो काळा पडतो. या लिक्विडमध्ये कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून मशीनला टाकलं, गोल गायब. नखाने खरवडून बघितलं, खरंच गायब.

मागे बारीक अक्षरात अमायलेज लिहिलंय ना, हे त्याचंच काम. स्टार्च म्हणजे ग्लुकोजची लांबलचक माळ, हे एन्झाइम ती मधे मधे कापत सुटतं आणि तुकडे पाण्याबरोबर निघून जातात. आपल्या थुंकीत पण अमायलेज असतं, चपाती खूप वेळ चावली की गोड लागते ती त्यामुळेच, पण साबणाच्या पाण्यात टिकणारं हवं म्हणून डिटर्जंटसाठी ते बॅसिलस जातीच्या बॅक्टेरियांकडून करून घेतात. मला वाटलं कॉटन पण शेवटी ग्लुकोजचंच, मग कपडा पण खाईल की काय! नाही खात, कारण कॉटनच्या सेल्युलोजमध्ये तेच ग्लुकोज वेगळ्या पद्धतीने जोडलेलं असतं, ही कात्री तिथे चालतच नाही. (जोडणारे बॅक्टेरिया पण असतात हां. ऊस तोडून तसाच पडला की ल्युकोनॉस्टॉक नावाचा एक त्यातल्या साखरेपासून डेक्स्ट्रानच्या माळा ओवत बसतो आणि रस बुळबुळीत होतो, साखर कारखानेवाले म्हणून तर शिळ्या उसाला वैतागतात. पोराच्या दातांवर चॉकलेटनंतर जो चिकट थर बसतो तो पण असल्याच कारागिरांचा.)

आता रडगाणं. माझी कडक स्टार्च केलेली नारायणपेठ, पदरावर खिरीचा डाग, म्हणून सगळी साडीच भिजवली. बाहेर काढली तर जुन्या पंचासारखी लुळी! आमचे आप्पा, म्हणजे सासरे, १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत सायझिंगला होते, ते हसायलाच लागले. म्हणाले, "अगं सूनबाई, कांजी उतरवायचंच औषध आहे ते. ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताला आम्ही कांजी पाजायचो, नाहीतर साच्यावर, म्हणजे मागावर, पटापट तुटायचं, आणि कापड विणून झालं की तीच कांजी परत काढायला लागायची, नाहीतर रंग कसा चढणार?" नंतर वाचलं तर आप्पांचं बरोबर, बॅसिलसचं अमायलेज कापडाची कांजी काढायला १९१७ च्या सुमारापासून वापरात आहे, बोइदँ आणि एफ्राँ या दोघा शास्त्रज्ञांनी काढलेली युक्ती. म्हणजे मी महागाचं लिक्विड घेऊन लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत बादलीभर गिरणीच चालवली.

हळदीवर याचा काही उपयोग नाही, ती ना स्टार्च ना प्रोटीन, तिला ऊनच लागतं आणि जुलैत आमच्या गॅलरीत ऊन कुठलं. डाळ-अंड्याच्या डागांना यात प्रोटीएज, म्हणजे प्रोटीन कापणारं एन्झाइम आहे, ते बऱ्यापैकी चालतं, पण रेशीम आणि लोकर ही पण प्रोटीनच, पैठणी जवळ पण नेऊ नका. उकळतं पाणी नको, ब्लीच तर अजिबात नको, एन्झाइम मरतं आणि मग उरतो नुसता वासाचा साबण.

एक स्टार कापलाय तो लेबलसाठी. सिल्क-वुलन टाळा हे छापलंय, मग स्टार्चच्या साड्या वेगळ्या ठेवा ही एक ओळ छापायला काय झालं होतं? साडीला आप्पांनी परत साबुदाण्याची कांजी करून दिली, पण निऱ्या अजून आधीसारख्या उभ्या राहत नाहीत.