तिकिटात न दिसणारा खर्च: दोन क्रूझची तुलना

मुंबईहून गोव्याला जाणारी, कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीची ‘एम्प्रेस’ आणि भूमध्य समुद्रात फिरणारे एका परदेशी कंपनीचे अवाढव्य जहाज, अशा दोन सफरी आम्ही केल्या. ‘एम्प्रेस’ हे 1990 मध्ये रॉयल कॅरिबियन या अमेरिकी क्रूझ कंपनीसाठी बांधलेले जहाज आहे. त्यावर जैन जेवणाची सोय असल्याने कांदा-लसूण न खाणाऱ्या आमच्या आईला एकदाही ताट परत पाठवावे लागले नाही. परदेशी जहाजावर मासे, पाव आणि चीज यांना तोड नव्हती, मात्र शाकाहारी माणसाला आदल्या रात्रीच वाढप्याला सांगून ठेवावे लागे. वाढपी मात्र हुशार! दुसऱ्या दिवसापासून न सांगता तो आईसमोर लिंबू आणि हिरवी मिरची ठेवू लागला.

खरी तफावत खर्चात आहे. बऱ्याच परदेशी कंपन्या बक्षिशी माणशी, रोजच्या हिशेबाने प्रवाशाच्या जहाजावरील खात्यावर आपोआप चढवतात आणि पेयांवर सेवाशुल्क वेगळे घेतात. रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर ते 18 टक्के असते. शेवटच्या रात्री दाराखालून सरकवलेल्या कागदावर जेवणासोबत मागवलेल्या पाण्याच्या बाटल्यासुद्धा एकेक करून मांडलेल्या पाहून आम्ही गप्पच झालो. इंटरनेट आणि किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसेही निराळेच. त्यामुळे नुसत्या तिकिटांची तुलना न करता बक्षिशी, पाणी आणि इंटरनेट धरून दर रात्रीचा माणशी खर्च काढावा. आमच्या हिशेबात स्वस्त वाटलेले परदेशी तिकीट अखेरीस बरेच महाग पडले.