टीडीसीएस आणि कॉग्निटिव्ह रिट्रेनिंग: माजी सैनिकाच्या बायकोनं लिहिलेला अनुभव

यांच्या मेंदूला मार लागलाय. त्यावर आम्ही पुण्याच्या एका केंद्रात दोन उपचार घेतले: टीडीसीएस, म्हणजे डोक्याला पट्टा बांधून अगदी सौम्य वीजप्रवाह देणं, आणि कॉग्निटिव्ह रिट्रेनिंग, म्हणजे लक्ष ठेवण्याचा, चुका न करण्याचा सराव. अनुभव यांचा, लिहिते मी. यांना विचारलं तर "बरं वाटतंय" यापुढे गाडी जात नाही. शिवाय मेंदूला मार लागलेल्या माणसाच्या स्वतःबद्दलच्या अंदाजावर पूर्ण भिस्त ठेवू नका, असं डॉक्टरांनीच पहिल्या भेटीत सांगितलं होतं. कपाळामागचा भाग दुखावला की आपलं काय कमी झालंय हेच माणसाला नीट उमगत नाही. म्हणून तिथे दोन फॉर्म भरून घेतात, एक पेशंटचा आणि एक घरच्यांचा. आमचे पहिले दोन फॉर्म वाचून ते एकाच माणसाबद्दल आहेत असं कुणाला वाटलं नसतं.

हे मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत काश्मीरमध्ये गाडी रस्ता सोडून खाली गेली. कवटी फुटली नाही, ऑपरेशन लागलं नाही, पण शुद्ध गेली होती आणि त्या आठवड्यातलं यांना आजही काही आठवत नाही. पुढे वर्षाच्या आत एकदा फिट आली, तेव्हापासून गोळ्या चालू. मग पेन्शन, गाव, एका बँकेत सिक्युरिटीची नोकरी, आणि तीही सुटली. बाहेरून माणूस धडधाकट. मिशीचा पीळ तोच, चाल तीच. त्यामुळे गावानं आपलं निदान करून टाकलं की रिटायर झाल्यावर तापट झाला. घरात आम्ही बघत होतो ते वेगळंच होतं. विहिरीवरची मोटर चालू करून यायचं आणि विसरायचं. नोटा मोजताना कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून, आणि हाक मारणाऱ्यावर राग. एका वेळी दोन माणसं बोलायला लागली की उठून गोठ्यात जाऊन बसायचं.

न्यूरॉलॉजिस्टनी जुने कागद आणि एमआरआय बघितला आणि समजावलं. धक्क्यानं मेंदू आतल्या आत हलतो, कवटीच्या तळाचा खडबडीत भाग कपाळामागच्या आणि कानशिलाजवळच्या भागाला घासतो. लक्ष ठेवणं, कामाचा क्रम लावणं, रागाला आवर घालणं ही सगळी कामं तिथलीच. हे ऐकून मला बरं वाटलं. निदान हा स्वभाव नव्हे एवढं तरी कळलं.

आम्ही गेलो होतो टीएमएसची चौकशी करायला. लष्करातल्या एका जुन्या सोबत्यानं यांना त्याबद्दल फोनवर सांगितलं होतं. त्यात डोक्याला कॉइल लावून चुंबकीय लहरींचे ठोके देतात. आधी अंगठा हलेपर्यंत ठोका वाढवून प्रत्येकाची मात्रा ठरवतात. अमेरिकेत २००८ मध्ये त्याला नैराश्यासाठी परवानगी मिळाली. पण यांना एकदा फिट येऊन गेलेली, आणि ते ठोके मेंदूच्या पेशींना थेट पेटवतात, म्हणून डॉक्टरांनी नको म्हटलं. टीएमएसमुळे फिट क्वचितच येते, पण आधी आलेल्या माणसात तो धोका कशाला, असं त्यांचं मत. ज्यांच्या डोक्यात धातूचे तुकडे किंवा पट्टी आहे त्यांनी तर हे सगळ्यात आधी सांगायला हवं. व्हिएतनाम युद्धात डोक्यात तुकडे घुसलेल्या अमेरिकी सैनिकांचा पुढे बरीच वर्षं माग ठेवला गेला, त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांना फिट्स आल्या होत्या.

मग टीडीसीएस ठरलं. यात बॅटरीवरचं छोटं यंत्र असतं, डोक्याला रबरी पट्टा आणि पट्ट्याखाली मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज. प्रवाह दोन मिलिअँपिअर, वेळ वीस मिनिटं. माझ्या जाऊबाईंनी "शॉक देणार का?" म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. त्या ज्याला शॉक म्हणतात त्या उपचारात आठशे मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह असतो आणि पेशंटला भूल देऊन तो मुद्दाम फिट आणतो. इथे माणूस जागा असतो, बोलतो, चहा पिऊ शकतो. तरीसुद्धा फिटचा इतिहास असल्यामुळे न्यूरॉलॉजिस्टची लेखी संमती घेतल्याशिवाय केंद्रानं सुरू केलं नाही. जिथे हे न विचारता पट्टा बांधतील तिथून परत यावं.

सुरुवात मे महिन्यात केली, कारण मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि सलग पुण्यात राहायला सुट्टीशिवाय जमलं नसतं. धनकवडीला दिरांकडे मुक्काम होता. रोज जायचं, फक्त रविवारी नाही. सातारा-पुणे रोज येऊन-जाऊन हे होणार नाही. करणाऱ्यांना मी पाहिलंय, दोन आठवड्यांत सोडून देतात.

आता प्रत्यक्ष कसं वाटतं ते. पहिली अर्धा-एक मिनिट मुंग्या आल्यासारखं, खाज, मग विसर पडतो. काढल्यावर स्पंजच्या आकाराचा लालसर डाग राहतो, तासाभरात जातो. स्पंज सुकला तर मात्र चटका बसतो. तिथे एक नवीन मुलगा होता, तो स्पंज नीट भिजवायचा नाही. यांनी तोंड उघडलं नाही (फौजी, दुखतंय म्हणायचं नाही), कपाळावर बारीक फोड दिसल्यावर मी बोलले. दुसरं म्हणजे डोक्याला तेल लावून जाऊ नका. यांची सवय रोज खोबरेल चोपडण्याची, त्यावर प्रवाह नीट लागत नाही आणि यंत्र सारखं ओरडतं. सकाळी डोकं धुऊन, कोरडं करून जायचं. ही गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नव्हती.

आणखी एक, गोळ्यांचं. टीडीसीएसचा परिणाम काही औषधांनी मारला जातो. फिटसाठी देतात ती कार्बामाझेपिन त्यातलीच. यांना फिटसाठी लेव्हेटिरॅसिटाम ही दुसरी गोळी चालू होती, तिनं काही लोकांची चिडचिड वाढते. डॉक्टरांनी मे संपता संपता तिचा डोस कमी केला. त्यामुळे जूनमध्ये राग उतरला त्याचं श्रेय कुणाला द्यायचं, पट्ट्याला की कमी झालेल्या गोळीला, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि प्रामाणिक डॉक्टरकडेही नसणार. गोळ्या मनानं कमी करायला जाऊ नका. फिट आली तर सगळंच मागे जातं.

आता मुख्य गोष्ट, जी लोक विचारतच नाहीत. सगळे विचारतात, मशीन कुठलं, किती रुपये. मशीन लावून माणूस नुसता बसला तर माझ्या मते ते पैसे वाया. डॉक्टरांनी फरक सांगितला होता की टीएमएस पेशी पेटवतं, टीडीसीएस पेटवत नाही, पेटायला थोडी सोपी करतं. मग त्या वीस मिनिटांत त्या पेशींना काम द्यायलाच हवं. यांनी ते त्यांच्या पद्धतीनं समजून घेतलं: "म्हणजे वापसा आणतंय. पेरायचं आपणच." बरोबर ओळखलं.

पेरणी करून घेणाऱ्या सायकॉलॉजिस्ट मॅडम. कॉग्निटिव्ह रिट्रेनिंग ऐकून मला कॉम्प्युटरवरचे खेळ डोळ्यांसमोर आले होते. ते थोडे होते. पण मॅडमनी पहिल्याच दिवशी ताटात चार धान्यं एकत्र करून पुढे ठेवली आणि वेगळी करायला सांगितली, घड्याळ लावून. बंगळूरच्या निम्हान्समध्ये (मेंदूच्या आणि मनाच्या आजारांची मोठी संस्था) डोक्याला मार लागलेल्यांसाठी असे घरगुती सराव बसवले गेलेत, त्यातलाच हा एक. हे ताट बघून यांचा चेहरा पडला. "हवालदाराला मूग निवडायला बसवलं." मला वाटलं, संपलं. मॅडमनी शांतपणे विचारलं, रायफल खोलून जोडायला किती वेळ लागायचा, आणि तो कसा कमी झाला? मग मात्र हे इरेला पेटले.

ताटानंतर वर्तमानपत्र. एका रकान्यातल्या सगळ्या 'र'ना काट मारायची, मग 'र' आणि 'त', मग तेच रेडिओ चालू ठेवून. किती सुटले, किती चुकीचे मारले, वेळ किती, सगळं वहीत. वेळ कमी होतोय म्हणून हे खूश व्हायचे, आणि मॅडम चुका मोजायच्या. घाई हाच यांचा आजार होता, ते मला त्या वहीनंच दाखवलं.

सगळ्यात उपयोगी पडलं ते मात्र यापैकी काही नाही. ते म्हणजे थांबणं. कुठलंही काम करताना मध्ये मध्ये स्वतःला "थम!" म्हणायचं आणि विचारायचं, मी काय करायला आलो होतो? यांना हा हुकूम पायात मुरलेला, म्हणून लवकर बसला. मोटर चालू केली की थम, मोबाइलला अलार्म, खिशातल्या डायरीत वेळ, मग घरी. या गोष्टीनं मेंदू सुधारतो का ते मला माहीत नाही, पण मोटर जळायची थांबली. आमच्याकडे शेतीची लाइट कधी रात्री येते, कधी दिवसा, त्यामुळे हे सोपं नाही.

पुण्याचा भाग जूनमध्ये संपला. पट्टा तेव्हाच सुटला. तेव्हापासून घरी रोज तासभर वही आणि दर पंधरवड्याला मॅडमकडे. घरचा तास मी घेते. शाळेत दिवसभर चाळीस पोरं आणि घरी एक, असं जाऊबाई म्हणतात. खरं सांगायचं तर काही दिवस मी तो बुडवलाय, कारण बायको मास्तरीण झाली की संसारात ताण येतो. गणपतीनंतर ते काम मुलीनं घेतलं आणि दोघांचंही बरं चाललंय.

आज संक्रांतीपर्यंतचा हिशोब असा. धान्याचं ताट आता निम्म्याहून कमी वेळात होतं, पण ते सरावानं होणारच, त्याचं मला फारसं कौतुक नाही. कौतुक याचं की पेन्शनचं पासबुक हे पुन्हा स्वतः बघतात, आणि मधे हाक मारली तर बोट ठेवून "थांब" म्हणतात. झोप सुधारली. राग येतो, पण येताना दिसतो. आणि यांनी या वेळी भरलेला फॉर्म माझ्या फॉर्मच्या बराच जवळ आलाय. मला विचाराल तर सगळ्यात मोठा फरक हाच.

जे झालं नाही तेही लिहिते. वास गेलाय तो गेलाच. धक्क्यानं नाकाच्या वरच्या बारीक नसा तुटतात, त्याला पट्ट्याचा उपयोग नाही. दूध करपलं तरी कळत नाही, म्हणून गॅसचा अलार्म बसवून घेतला. असा मार लागलेल्या माणसाच्या घरात तो हवाच. नवीन माणसांची नावं राहत नाहीत. लग्नातला डीजे आजही सहन होत नाही. आम्ही अक्षता टाकतो आणि निघतो. पुन्हा नोकरीचा विषय आम्ही बंद केलाय.

मशीनचा वाटा किती? माझा पुतण्या डॉक्टरकीला आहे, त्यानं मला अमेरिकेचे दोन अभ्यास समजावून सांगितले. तिथल्या माजी सैनिक खात्यानं नैराश्याच्या १६४ माजी सैनिकांवर टीएमएसची चाचणी घेतली, २०१८ मध्ये छापून आली. खरं मशीन लावलेल्यांपैकी ४१ टक्के बरे झाले आणि नुसतं नाटक करून लावलेल्यांपैकी ३७ टक्के. म्हणजे रोज तयार होऊन जाणं, कुणीतरी आस्थेनं विचारणं, यातच बरंच काही आहे. दुसरा सॅन अँटोनिओच्या लष्करी इस्पितळातला, डोक्याला सौम्य मार बसलेल्या सैनिकांवरचा. त्यात एकट्यानं कॉम्प्युटरवर सराव करणाऱ्यांपेक्षा थेरपिस्टसोबत काम करणाऱ्यांच्या रोजच्या तक्रारी जास्त कमी झाल्या. दोन्ही अभ्यास हुबेहूब आमच्या उपचाराचे नव्हेत, पण आमच्या घरात दिसलं ते याच्याशी जुळतं. पाचपैकी गुण द्यायचे तर मी पट्ट्याला दोन देईन आणि मॅडमना साडेचार. अर्धा कापला कारण त्या वेळेवर कधीच सुरू करत नाहीत.

पैशांचं थोडक्यात. एका बसण्याचे हजाराच्या आतबाहेर पडले, रिट्रेनिंगचे वेगळे. ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड असेल तर न्यूरॉलॉजिस्ट आणि एमआरआयसाठी आधी पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्या, आणि पुढच्या उपचारातलं काय बसतं ते तिथेच लेखी विचारून घ्या. ऑनलाइन मिळणारी स्वस्तातली पट्टा-यंत्रं घेऊ नका. आमच्या ओळखीच्या एकानं फिटचा पेशंट असून घरी लावलं होतं, डॉक्टरांनी ऐकून डोक्याला हात लावला.

दारू चालू असेल तर आधी ती बघा. झोपेत घोरणं, श्वास अडकणं असेल तर ते तपासा. या दोन गोष्टींनीही स्मरणशक्ती जाते आणि त्यांचे उपाय जास्त पक्के आहेत. आणि घरात तास घेणारं कुणी नसेल तर मशीनवर पैसे घालण्याआधी ते माणूस शोधा.

मार्चमध्ये पुन्हा पूर्ण चाचणी आहे. डॉक्टर पट्ट्याचा दुसरा फेरा सुचवतायत. हे "करू" म्हणतात, मी अजून हो म्हटलेलं नाही. मॅडमकडे जाणं चालू राहील.