छोटी ख्रिश्चन इंटरनॅशनल शाळा: आठवीपर्यंत जरूर, नववीआधी पुन्हा हिशेब

आमची दोन मुलं सध्या एका छोट्या ख्रिश्चन इंटरनॅशनल शाळेत आहेत, थोरली दहावीत आणि धाकटा तिसरीत. वसतिगृह नाही, सकाळी जायचं, दुपारी घरी. बालवाडी ते बारावी मिळून जेमतेम दीडशे मुलं. शाळेचं नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या या आकाराच्या कुठल्याही शाळेत निघू शकतात. बदली होऊन परक्या देशात आलेले आईबाबा मला नेहमी विचारतात, "परवडते का हो ती शाळा?" मी आधी उलट विचारते, मूल कितवीत आहे? धाकट्यासाठी मी या शाळेला पाचपैकी पाच देईन. थोरलीसाठी गेल्या दोन वर्षांचे अडीचच्या वर देता येणार नाहीत. फी दोघांचीही वेळेवर आणि पूर्ण भरली आहे.

अशा बऱ्याच शाळा मुळात मिशनरी कुटुंबांच्या मुलांसाठी सुरू झाल्या. त्यामुळे तिथे फीचे दोन-तीन दर असतात. मिशनच्या कुटुंबांना सगळ्यात कमी, ज्यांची फी कंपनी भरते त्यांना सगळ्यात जास्त, आणि स्वतःच्या खिशातून भरणाऱ्यांसाठी कुठे कुठे मधला. आमची कंपनी घरभाडं देते, मुलांच्या शाळेचं काही देत नाही. मधला दर आम्हाला मुख्य फीपत्रकावर दिसला नव्हता. विचारल्यावर अर्ज मिळाला, त्यासोबत पगाराच्या स्लिपा आणि कंपनीचं 'आम्ही फी देत नाही' असं पत्र द्यावं लागलं. हा अर्ज दरवर्षी नव्याने करायचा असतो. विचारायला संकोच करू नका. शाळेच्या लोकांना हा प्रश्न सवयीचा आहे.

फी मोठ्या शाळांपेक्षा कमी का, याचं आणखी एक कारण शिक्षकांच्या पगारात आहे. यांतले काही शिक्षक आपल्या देशातल्या चर्चकडून आणि ओळखीच्या लोकांकडून स्वतःच्या खर्चासाठी मदत गोळा करून येतात. शाळेकडून त्यांना थोडं मिळतं किंवा काहीच मिळत नाही. मला या माणसांबद्दल मनापासून आदर आहे. पण मदत आटली, घरी कोणी आजारी पडलं, की त्यांना परतावं लागतं, आणि मोठ्या शाळेत एक शिक्षक गेला तर विभागात दुसरे चार असतात. इथे गणिताचे सर गेले की आठवी ते बारावीचं गणितच गेलं. प्रवेशाआधी विचारा: गेल्या वर्षीचे किती शिक्षक यंदा आहेत? आणि वरच्या वर्गांचे विज्ञान-गणिताचे शिक्षक किती वर्षांपासून आहेत?

आता फीचा कागद. पहिल्या ओळीत ट्यूशन फी, ठळक अक्षरात. खाली बारीक टायपात बाकीचं: अर्जाची फी (परत मिळत नाही), प्रवेश परीक्षेची फी, प्रवेश फी, इमारत निधी, अनामत, कॉम्प्युटरची फी, इंग्रजी कच्चं असेल तर जादा तासांची फी, सहल, गणवेश, बस. आमच्या पहिल्या वर्षाच्या बिलात ट्यूशन फीवर जवळजवळ पाव भाग वर चढला. दुसऱ्या वर्षी प्रवेशाच्या रकमा गळाल्या आणि बिल खाली आलं. म्हणून दोन वर्षांसाठी जाणारं कुटुंब आणि सहा वर्षांसाठी जाणारं कुटुंब यांना तीच शाळा वेगवेगळ्या भावाने पडते. एकूण किती वर्षं राहणार याचा अंदाज धरून, एकदाच लागणाऱ्या रकमा तेवढ्या वर्षांत वाटून मगच दुसऱ्या शाळेशी तुलना करा.

दोन मुलं असतील तर इमारत निधी मुलामागे आहे की कुटुंबामागे, हे सगळ्यात आधी पाहा. आमच्या इथे मुलामागे आहे. भावंडांची सवलत फक्त ट्यूशन फीवर आणि तीही धाकट्याच्या. खालच्या इयत्तेची फी मुळातच कमी असते, त्यामुळे टक्केवारी ऐकायला भारी वाटली तरी हातात थोडंच येतं.

तारखांचा रकाना तर मी सगळ्यांना बोट ठेवून वाचायला सांगते. पुढच्या वर्षी मूल राहणार का, हे शाळा वर्ष संपायच्या कितीतरी आधी विचारते, आमच्याकडे फेब्रुवारीतच. त्या तारखेपर्यंत लेखी कळवलं नाही तर मूल राहणार असं धरलं जातं, आणि नंतर काढलं तर अनामत बुडते, वर एका सत्राची फी मागितली जाते. बदलीच्या नोकरीत फेब्रुवारीत कोणाला माहीत असतं उन्हाळ्यात कुठे असू ते? आम्ही ऑफिसात जाऊन सांगितलं की कंपनीच्या बदलीचं पत्र दाखवल्यास सवलत द्या. दिली, पण आधी लेखी मागितली होती म्हणून. आमच्याच ओळखीच्या एका कुटुंबाने तोंडी बोलण्यावर विश्वास ठेवला आणि मुख्याध्यापक बदलल्यावर त्यांना पूर्ण सत्राची फी भरावी लागली.

फी एका चलनात आणि पगार दुसऱ्या चलनात असेल तर हप्ते घ्यावेत की एकरकमी भरावं, हा प्रश्न येतो. एकरकमी भरल्यास थोडी सूट असते, हप्त्यांवर जादा आकार. तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही: परदेशी बँकेतून पैसे पाठवताना मधली बँक आपला आकार कापून घेते आणि शाळेच्या खात्यात रक्कम किंचित कमी पोचते. मग शाळेचं 'थकबाकी' असं पत्र येतं. पैसे पाठवतानाच 'सगळे आकार पाठवणाऱ्याकडून' हा पर्याय निवडा.

रोजच्या व्यवहारात या शाळेचं छोटेपण सारखं जाणवतं. ऑफिसात एकच बाई. त्याच फी घेतात, बसचे मार्ग ठरवतात, गुडघा फुटला तर पट्टी बांधतात, दाखले छापतात. त्यांना मुलाचं नाव, त्याची ॲलर्जी, आजी कधी आली होती, सगळं पाठ. पण त्या रजेवर गेल्या की दाखला अडकतो. बसचे मार्ग दोनच. आमच्या बाजूला बस नाही, म्हणून तीन कुटुंबं मिळून आळीपाळीने गाडी नेतो. वर्षाचे साधारण १८० दिवस शाळा असते. उरलेले दिवस, शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे दिवस, अर्धे दिवस, सगळे पालकांच्या अंगावर. दोघंही नोकरी करत असाल तर शाळेनंतर मुलं थांबवतात का, किती वाजेपर्यंत आणि त्याचे वेगळे पैसे किती, हे विचाराच. शिवाय पालकांकडून मदतीचे तास अपेक्षित असतात: वाचनालय, खेळाचा दिवस, नाटकाचे कपडे. मला ते आवडलं, माझ्या इथल्या सगळ्या मैत्रिणी त्याच वाचनालयातल्या आहेत. पण वेळ हीसुद्धा फीच आहे, ती हिशेबात धरा.

आता धर्माचं. आम्ही ख्रिश्चन नाही. काही शाळांत आईवडिलांपैकी एक तरी चर्चला जाणारा असावा लागतो, चर्चचं शिफारसपत्र लागतं. काही शाळा इतरांनाही घेतात, पण एका मर्यादेपर्यंत. आमच्या शाळेत शिक्षकांना श्रद्धेच्या निवेदनावर, म्हणजे 'आम्ही हे मानतो' अशा कागदावर, सही करावी लागते. पालकांनी फक्त 'हे वाचलं आहे आणि मुलाला याप्रमाणे शिकवलं जाईल हे आम्हाला मान्य आहे' एवढ्यावर सही करायची. या दोन कागदांत फार फरक आहे, तेव्हा कुठला पुढे केलाय ते नीट बघून सही करा. आठवड्यातून एकदा सगळ्या शाळेची प्रार्थनासभा असते, आणि बायबल हा विषय आहे, गुणांसकट. थोरलीच्या गुणपत्रकात त्याचे गुण सरासरीत धरले जातात. मुलाखतीत मुख्याध्यापकांना मी सरळ विचारलं, मुलावर धर्म बदलण्याचा दबाव येईल का? ते म्हणाले, आम्ही आमची श्रद्धा लपवणार नाही, पण मुलाकडून कबुली मागणार नाही. आजवर तसंच घडलंय. थोरली वर्गात प्रश्न विचारते आणि तिला उत्तरं आदराने मिळतात. पण घरात हे बोलणं होणार, याची तयारी ठेवून जा; ते टाळायचं असेल तर ही शाळा घेऊ नका.

धाकट्याबद्दल सांगते, म्हणजे पाच गुण का ते कळेल. तिसरी आणि चौथीचा वर्ग एकत्र आहे, मुलं अकरा. पहिल्याच सत्रात बाईंनी मला थांबवून सांगितलं की तो फळ्यावरचं वाचताना मान उजवीकडे वळवतो, आणि वहीत ओळीचा शेवटचा शब्द गाळतो, पण ऐकून लिहिताना गाळत नाही. डोळे तपासा म्हणाल्या. तपासले, चष्मा लागला, महिन्याभरात वाचन सुधारलं. आधीच्या मोठ्या, नावाजलेल्या शाळेत 'लक्ष देत नाही' एवढाच शेरा मिळाला होता. एकत्र वर्गाचाही त्याला फायदा झाला. गणितात तो चौथीच्या मुलांबरोबर बसतो आणि लिहिण्यात तिसरीच्या. फुटबॉलच्या संघात निवड नसते, सगळेच खेळतात. मात्र मुलाला शिकण्याची विशेष अडचण असेल तर छोट्या शाळेत त्यासाठीचे शिक्षक बहुधा नसतात आणि प्रवेशच नाकारला जाऊ शकतो. ते आधी उघड बोला.

अकरा मुलांच्या वर्गात पहिला नंबर आला म्हणजे काय आला, हे मात्र कळत नाही. म्हणून बाहेरच्या मापाची चाचणी घेतात का ते विचारा. आमच्याकडे मॅप नावाची चाचणी वर्षातून दोनदा कॉम्प्युटरवर होते. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. त्याचा अहवाल आपणहून घरी येईलच असं नाही, मागून घ्या.

नववीपासून चित्र बदलतं. थोरलीच्या वर्गात पाच मुलं आहेत. भौतिकशास्त्र एक वर्षाआड. ज्या वर्षी ते आहे त्या वर्षी तिला दुसरा विषय सोडावा लागला. परदेशी भाषा एकच. छोट्या शाळांना आयबीचा (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचा) डिप्लोमा चालवणं जड जातं, कारण त्यात सहा विषय, त्यांतले निदान तीन वरच्या पातळीचे, आणि प्रत्येकाला प्रशिक्षित शिक्षक. त्यामुळे बऱ्याच जणी अमेरिकन पद्धतीचा डिप्लोमा देतात आणि वर एपीचे (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे) काही विषय. एपीची परीक्षा मे महिन्यात होते आणि १ ते ५ असे गुण मिळतात. आमच्या शाळेत एपीचे दोनच विषय वर्गात शिकवतात, बाकीचे ऑनलाइन आणि त्यांची फी निराळी. शाळा जो विषय शिकवत नाही त्याची परीक्षाही घेईलच असं नाही. मग दुसरी शाळा शोधायची. माझी खरी तक्रार इथे आहे. वरच्या वर्गांची ट्यूशन फी सगळ्यात जास्त, आणि तीन विषयांना ती मुलगी वाचनालयात एकटी हेडफोन लावून बसते.

मान्यतेबद्दलही नीट चौकशी करा. एसीएसआय ही ख्रिश्चन शाळांची संस्था १९७८ पासून आहे आणि ती मान्यता देते. त्याबरोबर अमेरिकेतल्या डब्ल्यूएएससीसारख्या धर्मनिरपेक्ष संस्थेचीही मान्यता असेल तर माझा जीव जास्त थाऱ्यावर असतो. आणि विज्ञानाची पुस्तकं उघडून बघा. अबेका किंवा बीजेयू प्रेस या ख्रिश्चन प्रकाशकांच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीऐवजी देवाने सृष्टी निर्माण केल्याची मांडणी असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाने एका ख्रिश्चन शाळेचे असे काही अभ्यासक्रम प्रवेशासाठी ग्राह्य धरायला नकार दिला, तेव्हा एसीएसआय २००५ मध्ये कोर्टात गेली. २००८ मध्ये निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला आणि २०१० मध्ये अपिलातही तोच टिकला. आमच्या शाळेत जीवशास्त्राला नेहमीचं पाठ्यपुस्तक आहे आणि उत्क्रांती पूर्ण शिकवतात, बायबलच्या तासाला दुसरी बाजू. हे मी प्रवेशाआधी पुस्तक हातात घेऊन पाहिलं होतं.

शाळा बदलायचीच असेल तर वर्ष निवडून बदला. आयजीसीएसई हा ब्रिटिश पद्धतीचा, साधारण नववी-दहावीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, आयबी डिप्लोमा अकरावी-बारावीचा. मधल्या वर्षी, म्हणजे दहावीत किंवा बारावीत, कोणी सहसा आत घेत नाही. आठवी संपताना किंवा दहावी संपताना दार उघडं असतं. थोरली आता अकरावीला मोठ्या शाळेत आयबीला जाते आहे. जुन्या शाळेकडून विषयवार तास आणि अभ्यासक्रमाचं वर्णन सहीशिक्क्यानिशी मागून घेतलं, नुसत्या गुणपत्रकावर नवी शाळा समाधानी नव्हती. ऑफिसातल्या बाईंनी ते तीन दिवसांत काढून दिलं.

धाकटा आठवीपर्यंत इथेच राहणार. फेब्रुवारीच्या तारखेआधी आम्ही थोरलीची नोटीस लेखी दिली आहे, आणि तिची अनामत परत न घेता धाकट्याच्या पुढच्या वर्षाच्या फीत वळती करून घेतली आहे. बँकेचे दोन वेळचे आकार वाचले. तुमच्या शाळेत हे चालतं का विचारा, आणि चालत असेल तर ईमेलवर लिहून घ्या.