पिनांचा मॉइश्चर मीटर: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

इमारतींची पाहणी करून त्यांच्या स्थितीचा अहवाल देणे हे माझे काम आहे, आणि या कामात सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे भिंतीला ओल कुठून धरते. अकरा महिन्यांपूर्वी मी दोन पिनांचा मॉइश्चर मीटर घेतला. त्याआधी भिंतीला हात लावून, गिलावा ठोकून, पोपड्यांचा आणि डागांचा आकार पाहून मी मत बनवत असे. ते मत पुष्कळदा बरोबर निघे, पण अहवालात त्याला आधार म्हणून लिहावे असे हाती काही नसे. गेल्या अकरा महिन्यांत जुन्या विटांच्या भिंती, तुळया, छपराचे वासे, दारांच्या चौकटी आणि नव्याने घातलेल्या जमिनी अशा सगळ्यांवर मी हे यंत्र वापरले आहे. लाकडासाठी ते मला अपरिहार्य झाले आहे. भिंतींच्या बाबतीत मात्र त्याने मला एकदा चांगलेच चुकवले.

यंत्राची रचना साधी आहे. दोन टोकदार पिना पृष्ठभागात रोवल्या की त्यांच्यामधून अगदी क्षीण विद्युतप्रवाह जातो, आणि मधल्या पदार्थाचा रोध किती आहे यावरून पडद्यावर आकडा उमटतो. म्हणजे हे यंत्र पाणी मोजत नाही, रोध मोजते, आणि त्या रोधावरून पाण्याचे प्रमाण लाकडाच्या कोष्टकाप्रमाणे ठरवते. ही एक गोष्ट पहिल्या दिवसापासून मनात पक्की असती, तर पुढे सांगणार आहे ती चूक माझ्या हातून झाली नसती.

लाकडात ही पद्धत इतकी उपयोगी का पडते, ते रोधाच्या आकड्यांवरून समजते. ७ टक्क्यांच्या आसपास ओलावा असलेल्या कोरड्या लाकडाचा रोध हजारो मेगोहम असतो आणि २५ टक्क्यांच्या पुढे तो १ मेगोहमच्याही खाली येतो. पाण्यातल्या लहानशा फरकाने रोधात एवढा मोठा फरक पडत असल्यामुळे या पट्ट्यात यंत्र नेमके बोलते. ३० टक्क्यांच्या सुमारास लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्याने तृप्त होतात. त्यापुढचे पाणी पेशींच्या पोकळ्यांमध्ये मोकळे साठते आणि रोध फारसा बदलत नाही. म्हणून पडद्यावर ४५ आले तरी मी वहीत ‘तृप्तबिंदूच्या वर’ एवढेच लिहितो. पाहणी करणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची रेघ २० टक्क्यांची आहे. लाकूड त्याखाली राहिले तर कुजण्याची भीती सहसा नसते, आणि त्यावर टिकून राहिले तर कारण शोधावेच लागते.

तिसऱ्या महिन्यात एका तुळईने या यंत्राची खरी किंमत दाखवून दिली. तुळई रंगवलेली होती, रंगाला एकही तडा नव्हता, ठोकल्यावर आवाजही ठणठणीत येत होता. मध्यावर १३ टक्के, भिंतीजवळ १६ टक्के असे आकडे आले. केवळ पृष्ठभाग मोजून मी थांबलो असतो, तर तिला निर्धोक म्हणून पुढे गेलो असतो. त्या दिवशी सोबत ठोकून आत घालायच्या लांब पिना होत्या. त्यांच्या अंगावर रोधक लेप असतो आणि फक्त टोक उघडे असते, त्यामुळे आकडा त्या टोकापाशी असलेल्या खोलीचाच येतो. भिंतीत शिरलेल्या टोकाजवळ त्या १० मिमी आत गेल्या तेव्हा १७, २० मिमीवर २२ आणि ३० मिमीवर २७ असा आकडा आला. मग टोच्या लावून पाहिला, तर तुळईच्या खालच्या कडेला तो लोण्यात जावा तसा बोटाच्या पेराएवढा आत गेला. बाहेरच्या अंगाला विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, झिजून रिकाम्या झाल्या होत्या आणि पावसाचे पाणी थेट तुळईच्या बैठकीत उतरत होते. टोकाचा कुजलेला भाग काढून आधार दिला गेला, दर्जा नव्याने भरल्या गेल्या, आणि चार महिन्यांनी शिल्लक लाकडात त्याच खोलीवर १८ टक्के आकडा मिळाला. ज्याला लाकूडकामाची पाहणी करायची आहे त्याने मीटरबरोबर या लांब पिना घेतल्याच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. लेप नसलेल्या आखूड पिना आपल्या लांबीत जिथे सर्वांत ओला थर लागेल त्याचाच आकडा देतात, त्यामुळे रंगावर दव असले तरी आतले लाकूड ओले असल्याचा भास होतो.

लाकडातही दोन दुरुस्त्या कराव्याच लागतात. पहिली तापमानाची. यंत्राचे कोष्टक साधारण २० अंश सेल्सिअसला धरून केलेले असते आणि लाकूड तापले की रोध कमी होऊन आकडा वाढतो. दर १० अंशांना सुमारे १ टक्का हा अंदाज माझ्या कामाला पुरतो, म्हणजे तापलेल्या छपराखालचा वासा ४० अंशांवर असेल तर आकड्यातून २ वजा करायचे. दुसरी दुरुस्ती लाकडाच्या जातीची. तिचे कोष्टक माहितीपुस्तिकेत दिलेले असते आणि बहुतेक जण ते उघडूनही पाहत नाहीत. पिना लाकडाच्या रेषांच्या दिशेने रोवायच्या, हेही त्याच पुस्तिकेत लिहिलेले आहे.

आता भिंतींकडे वळतो. विटेवर किंवा गिलाव्यावर पिना टेकवल्या की जो टक्क्यांचा आकडा येतो, तो त्या विटेतल्या पाण्याचा नसतो. त्या जागेशी समतोल साधलेल्या लाकडात जेवढा ओलावा असता, तेवढा तो असतो. वीट, चुना, सिमेंट आणि जिप्सम या प्रत्येकाची पाणी धरण्याची रीत वेगळी आहे. जिप्समच्या गिलाव्यात वजनाच्या १ टक्का पाणी असले तरी तो ओलाच म्हणायचा, आणि तेवढेच पाणी एखाद्या विटेत असेल तर ती कोरडी समजली जाते. लाकडाच्या मापाने आकडा मिळाल्यामुळे वेगवेगळ्या पदार्थांची एकमेकांशी तुलना करता येते, हा त्याचा खरा फायदा आहे. परंतु माझ्या यंत्राच्या पुस्तिकेत भिंतीच्या आकड्यापुढेही नुसते टक्क्यांचे चिन्ह छापलेले आहे आणि हा खुलासा कुठेही नाही. शिवाय हिरवा, पिवळा आणि लाल असे दिवे लागतात, आणि शेजारी उभ्या असलेल्या घरमालकाने एकदा लाल दिवा पाहिला की त्याच्या लेखी निर्णय होऊन गेलेला असतो. यंत्राविषयी माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

माझी चूक दुसऱ्या महिन्यातली. एका जुन्या घराच्या बाहेरच्या भिंतीला आतून सुमारे १ मीटर उंचीपर्यंत लोणा, म्हणजे क्षारांचा थर, लागला होता, रंगाचे पोपडे सुटले होते आणि तळापासून त्या उंचीपर्यंत आकडे सारखे २८ ते ३० येत होते. त्याच्या वर हातभर अंतरात ते एकदम १२ वर उतरत होते. जमिनीतून चढणाऱ्या ओलीचे चित्र असेच असते, म्हणून मी तसा मसुदा लिहिला आणि भिंतीच्या तळाशी रसायन भरून ओलरोधक थर करण्याची शिफारस केली. मसुदा माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना दाखवला. त्यांनी तक्ता पाहिला आणि विचारले, “हे सगळे आकडे पृष्ठभागाचे दिसतात. आत मोजलेस का?” मी म्हणालो, “नाही सर, पण आकडे एवढे स्पष्ट आहेत.” त्यावर ते म्हणाले, “स्पष्ट आहेत, पण कशाचे आहेत ते आधी ठरव.”

मी परत गेलो. त्याच जागी भोके घेऊन लांब पिनांनी ७० मिमी खोलीवर मोजले, तर १४ आणि १५ असे आकडे आले. पृष्ठभागाशी ओली आणि आत खोलवर कोरडी अशी भिंत जमिनीतले पाणी शोषत असणे शक्य नव्हते. चौकशीत कळले की बाहेरच्या बाजूला माती पूर्वी जोत्याच्या वर आलेली होती आणि ती काही वर्षांपूर्वी खोदून उतरवली होती. पाण्याची वाट तेव्हाच बंद झाली होती, पण त्या पाण्याने आणलेले क्षार गिलाव्यात तसेच राहिले होते. जमिनीतून वर येणाऱ्या पाण्याबरोबर क्लोराइड आणि नायट्रेट येतात, पाणी उडून जाते आणि क्षार पृष्ठभागाशी साचतात. हे क्षार हवेतला दमटपणा ओढून घेतात. साधे मीठ ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला पाणी धरू लागते, तर कॅल्शियम नायट्रेटला ५० टक्क्यांच्या थोडे वरची आर्द्रताही पुरते. शिवाय क्षारयुक्त पाणी वीज चांगली वाहते, त्यामुळे थोड्याशा दमटपणानेही आकडा फुगतो. मालकांना मी दुरुस्त अहवाल पाठवला: रसायन भरण्याची गरज नाही, खराब गिलावा डागाच्या वरपर्यंत काढून चुन्याचा नवा गिलावा करावा.

त्या प्रसंगानंतर भिंतीविषयी मत देण्याआधी मी दुसऱ्या पद्धतीने खात्री करतो. कार्बाइडची बाटली त्यासाठी सर्वांत सोयीची आहे. भिंतीतून सावकाश ड्रिल करून भुगा काढायचा, वजन करून कॅल्शियम कार्बाइडसोबत बंद बाटलीत हलवायचा, आणि पाण्याशी संयोग होऊन जो ॲसिटिलीन वायू तयार होतो त्याचा दाब तबकडीवर वाचायचा. हा आकडा ओल्या वजनाच्या टक्केवारीत असतो, हे नोंदीत लिहायला विसरू नये. वायू पेट घेणारा आहे, म्हणून बाटली उघड्यावर आणि ज्योतीपासून दूर उघडायची. या पद्धतीने पाण्याचे प्रमाण कळते, पण ते पाणी क्षारांनी हवेतून ओढलेले की बाहेरून आलेले, हे तिलाही सांगता येत नाही. ते वेगळे काढण्याची रीत ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटच्या डायजेस्ट २४५ मध्ये दिली आहे, आणि ओलीचे काम करणाऱ्या प्रत्येकाने ती समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते. वेगवेगळ्या उंचीवरून घेतलेल्या भुग्याचा मूळ ओलावा मोजायचा, नंतर तोच भुगा ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवून तो स्वतःहून किती पाणी धरतो ते पाहायचे, आणि दोन्हींची तुलना करायची. मूळ ओलावा जास्त असेल तर पाणी खरोखर कुठून तरी येते आहे. नमुने भट्टीत वाळवताना विटेला आणि सिमेंटला १०५ अंश चालतात, पण जिप्सम मिसळलेला भुगा ४० ते ४५ अंशांवरच वाळवावा लागतो. जिप्समच्या स्फटिकात वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी बांधलेले असते, आणि जास्त उष्णतेने ते सुटून ओलावा म्हणून मोजले जाते.

मग भिंतीवर पिना वापरायच्याच कशाला, असे कोणी विचारील. वापरायच्या त्या आकड्यासाठी नव्हे, आकृतीसाठी. एका खिडकीखालच्या डागावर मी खडूने १०० मिमीच्या चौकटी आखल्या आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा घेतला. सगळे आकडे कागदावर उतरवल्यावर डोळ्यांना गोल दिसणारा डाग प्रत्यक्षात खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातून पंख्यासारखा खाली पसरलेला निघाला. बाहेर जाऊन सिलखाली बोट फिरवले, तर पाण्याचा थेंब भिंतीकडे न येता खाली पडावा म्हणून जी खाच असते, ती डाव्या बाजूला रंगाच्या अनेक थरांनी पूर्ण बुजलेली होती. खाच मोकळी करून घेतली आणि दर पंधरा दिवसांनी त्याच चौकटींमध्ये, त्याच क्रमाने मोजत गेलो. आकडे वरून खाली उतरत गेले आणि दहाव्या आठवड्यात सगळी भिंत एका पातळीवर आली. अशा कामात यंत्र किती अचूक आहे यापेक्षा ते रोज सारखेच वागते का, हे महत्त्वाचे असते. त्यासाठी सोबत मिळणाऱ्या तपासणीच्या तुकड्यावर मी प्रत्येक पाहणीआधी पिना टेकवून ठरलेला आकडा येतो का ते पाहतो.

कोपऱ्यात, कपाटामागे किंवा छताच्या कडेला बुरशी दिसली तर मी आधी हवेची आर्द्रता आणि भिंतीचे तापमान मोजतो, मीटर नंतर काढतो. खोलीतली हवा २० अंशांवर आणि ६० टक्के दमट असेल तर १२ अंशांच्या भिंतीवर दव धरते, आणि बुरशीला तर त्याआधीच, भिंत सुमारे १५ अंशांवर उतरली की पुरेसा दमटपणा मिळतो. तिथे पिनांचा आकडा खरा असला तरी पाणी भिंतीतले नसून खोलीतले असते.

नव्या जमिनीसाठी हे यंत्र घेऊ नये. सिमेंटचा थर ५० मिमी जाडीपर्यंत दिवसाला सुमारे १ मिमी या गतीने वाळतो, म्हणजे वरून कोरडा दिसला तरी आत अनेक आठवडे पाणी असते, आणि पिना वरच्या दोन-तीन मिलिमीटरांच्या पलीकडे पोचत नाहीत.

काही बारीकसारीक गोष्टी. चांदीचा मुलामा असलेला वॉलपेपर, गिलाव्याच्या कडेची धातूची पट्टी आणि धुराने काळवंडलेल्या चिमणीच्या विटा यांवर आकडा कोरड्यातही चढतो, कारण या सगळ्यांतून वीज वाहते. अकरा महिन्यांत पिनांचे चार जोड वाकले, तेव्हा सुटे जोड नेहमी पिशवीत असावेत. पिना जोर लावून नव्हे, सरळ दाबून रोवाव्यात. रंगवलेल्या चौकटीवर पिनांची दोन छिद्रे राहतात, म्हणून मोजण्याआधी मालकांची परवानगी घेतलेली बरी. ज्यांना एकच यंत्र घेता येणार असेल आणि ज्यांचे काम मुख्यतः लाकडाचे असेल, त्यांनी हा मीटर लांब पिनांसह जरूर घ्यावा. ज्यांचे काम विटांच्या जुन्या भिंतींचे आहे त्यांनी मीटरच्या जोडीला कार्बाइडची बाटली आणि आर्द्रतामापक यांचीही तजवीज करावी, आणि तोवर अहवालात आकड्याशेजारी खोली, हवेची आर्द्रता, तापमान आणि ‘लाकडाच्या मापाने’ हे शब्द लिहावेत.