एलपी घेऊ की सीडी? सोलो ऐकणाऱ्यांसाठी

आमच्या शनिवारच्या बैठकीत नव्याने यायला लागलेल्या एका मुलाने परवा विचारलं, "काका, टर्नटेबल घेऊ की सीडी प्लेअर?" टर्नटेबल म्हणजे एलपी, त्या मोठ्या काळ्या तबकड्या, वाजवायचं यंत्र. पणजीत नोकरी लागून त्याला सहा महिने झालेत, थोडे पैसे साठलेत, पण दोन्ही परवडणार नाही. मला वाटलं दोन मिनिटांत सांगून मोकळा होईन. उत्तर देता देता अकरा वाजले आणि बाकीच्या तिघांनी आपापली मतं घुसडून पोराला आणखी गोंधळात टाकलं. म्हणून आता निवांत लिहितोय. माझ्याकडे दोन्ही आहेत. एलपी नव्वदेक, सीडी तीनशेच्या आसपास. दोन्हींवर किती खर्च झाला ते घरी विचारू नका.

बैठक म्हणजे काय, तर फोंड्याला आमच्या घरी चार-पाच जण जमतो. प्रत्येकाने पाळीपाळीने एक अल्बम आणायचा, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, मधलं गाणं वगळायचं नाही आणि सोलो, म्हणजे गिटारसारखं वाद्य एकटंच पुढे येऊन वाजतं तो तुकडा, चालू असताना तोंड उघडायचं नाही. आम्ही सगळे नाट्यगीतांवर वाढलेलो. त्यामुळे गिटारच्या सोलोकडेही तानेसारखंच बघतो: कुठून उचलला, कुठे फिरवला आणि समेवर कसा आणून टाकला. तार ओढून स्वर वर नेला की कोणीतरी "वा!" म्हणतंच. नियम मोडतो, पण चालतं.

फोनवरून ऐकण्याचा पर्याय मी इथे धरत नाही. नवीन बँड चाखून बघायला तो उत्तम आहे, मीही वापरतो. पण अल्बम ऐकायला बसावं आणि मधेच बायकोचा फोन यावा, की येताना उंडे पाव घेऊन या, असं दोनदा झालं. तेव्हापासून बैठकीत फोन बंद.

आता एलपी. तिची बाजू मला खरंच पटते, उगाच मान द्यायचा म्हणून म्हणत नाही. कव्हर हातात घेऊन बसायला मिळतं, ते चौघांत फिरतं, मागची बारीक अक्षरं कोणीतरी मोठ्याने वाचतं. सीडीच्या पुस्तिकेतली तीच अक्षरं वाचायला आता मला चष्म्यावर भिंग लागतं. शिवाय एलपीला दोन बाजू असतात, हा तोटा नाही, गुण आहे. बीटल्सचा 1969चा 'अ‍ॅबी रोड' घ्या. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं वाढत वाढत जातं आणि कोणीतरी कात्रीने कापल्यासारखं एकदम तुटतं. त्यानंतर जी शांतता पसरते ती एलपीवरच मिळते. उठायचं, तबकडी उलटायची, आणि मग 'हिअर कम्स द सन'ची ती कोवळी गिटार. सीडीवर एक तुटतं आणि लगेच दुसरं उगवतं, मधली रात्रच गायब. लेड झेपलिनच्या चौथ्या अल्बमचंही तेच. 'स्टेअरवे टू हेवन' संपल्यावर माणसाला दोन मिनिटं गप्प बसावंसं वाटतं. एलपी ती देते, सीडी देत नाही.

आणि ज्यांच्या घरी जुन्या कोंकणी रेकॉर्डी आहेत, ख्रिस पेरी आणि लोर्नाच्या, त्यांनी पुढचं वाचूच नये, सरळ टर्नटेबल घ्यावा. ती गाणी तबकडीसाठीच झालेली आहेत आणि ती तशीच ऐकावीत. फक्त आजोबांच्या 78च्या तबकड्या त्यावर वाजतील अशा आशेवर राहू नका. त्यांना वेग वेगळा आणि सुईही जाड लागते. पुष्कळ नव्या टर्नटेबलांवर तो वेगच नसतो.

गोव्यात एलपी ठेवायची म्हणजे पावसाशी भांडण, हे सांगायला नको. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कव्हरांना वास यायला लागतो, जुलैत पांढरे ठिपके, आणि चवथीची साफसफाई निघेपर्यंत एखाद्या तबकडीवर बुरशीची अख्खी नक्षी उमटलेली असते. मी कपाटात बल्ब लावून ठेवतो, आई पूर्वी रेशमी साड्यांसाठी लावायची तसा. त्याने बराच फरक पडतो. आमच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर तबकडीवरून अंतराळात गेली. तांब्याची तबकडी, वर सोन्याचा मुलामा, आणि तिकडे दमट हवा नाही. आपल्याकडे मात्र पीव्हीसीची तबकडी आणि मान्सून.

पण बुरशीने माझा निर्णय ठरवला नाही. बुरशी पुसता येते. मला जे खटकलं ते पुसता येत नाही.

माझ्याकडे पिंक फ्लॉइडचा 'द वॉल' दोन्ही रूपांत आहे. दोन तबकड्यांची एलपी आधी घेतली, हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात, चांगल्या स्थितीतली. 'कम्फर्टेबली नम' हे गाणं तिसऱ्या बाजूला अगदी शेवटी आहे. आणि त्या गाण्यातला डेव्हिड गिल्मरचा दुसरा सोलो, ज्यासाठी आम्ही अख्खी बाजू शांत बसतो, तो त्या शेवटच्या गाण्याच्याही शेवटी. म्हणजे सुई लेबलला टेकायला आलेली असते. आणि नेमकं तिथे माझ्याकडे आवाज फाटतो. फार नाही. वरच्या स्वरांना जरा वाळूत घासल्यासारखी कड येते, तार ओढल्यावर जो स्वर लोण्यासारखा वर सरकायला हवा तो खरखरत सरकतो.

आधी वाटलं प्रतच खराब. मग सुई बदलली. मग तो छापील कागदी मोजपट्टा आणून कार्ट्रिज, म्हणजे सुई जिच्यात बसते ती डबी, अर्धा-अर्धा मिलिमीटर पुढेमागे सरकवत एक अख्खा रविवार घालवला. बायको म्हणाली, इतक्या काळजीने कधी आपल्या लग्नाचा अल्बम हाताळला नाहीत. फरक पडला, पण खरखर गेली नाही. कारण दोष माझ्या प्रतीचा नाही, तबकडीच्या जातीचा आहे. एलपी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, बाहेरच्या कडेला आणि आतही. पण बाहेरचा फेरा मोठा, आतला लहान. बाहेर सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर खाच सरकते, लेबलपाशी तीच 21-22वर येते. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. बारीक, तीक्ष्ण स्वर त्या दाटीत आधी मार खातात. डिस्टॉर्शनची, म्हणजे मुद्दाम आवाज फाडलेली, गिटार आणि गाण्यातले 'स'कार, हे दोघे सगळ्यात आधी.

हे कळल्यावर मी एक मूर्खपणा केला. माझ्या आवडत्या सोलोंची यादी काढून कोणता कुठल्या बाजूला कितवा आहे ते बघत बसलो. ईगल्सचा 'हॉटेल कॅलिफोर्निया' सुटला, तो पहिल्या बाजूचं पहिलंच गाणं. डॉन फेल्डर आणि जो वॉल्शची ती जुगलबंदी बाहेरच्या प्रशस्त खाचेत बसलीय. डायर स्ट्रेट्सचं 'सुल्तान्स ऑफ स्विंग' दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला, तेही सुटलं. पण पुढे? 'स्टेअरवे टू हेवन' पहिल्या बाजूला शेवटचं, आणि जिमी पेजचा सोलो गाण्याच्या उत्तरार्धात. लिनर्ड स्किनर्डचं 'फ्री बर्ड' अख्ख्या अल्बमचं शेवटचं. 'ब्रदर्स इन आर्म्स' हे शीर्षकगीत शेवटचं. 'अ‍ॅबी रोड'वर पॉल, जॉर्ज आणि जॉन जिथे पाळीपाळीने गिटारचे तुकडे वाजवतात, तेही दुसऱ्या बाजूच्या शेवटी. साहजिकच आहे. भैरवी शेवटीच घेतात. बँडही आपलं सगळ्यात मोठं गाणं बाजूच्या शेवटाला ठेवतो, आणि तबकडी नेमकी तिथेच सगळ्यात अरुंद होते.

मान्य, हे सगळ्यांना सारखं ऐकू येत नाही. चांगल्या, बारीक टोकाच्या सुईने हा त्रास पुष्कळ कमी होतो असं आमच्यातला एक जण छातीठोक सांगतो. त्याच्याकडे ऐकलंय, खरंच कमी होतं. पण ती सुई माझ्या टर्नटेबलापेक्षा महाग आहे. मुद्दा असा की एकदा कळल्यावर मला चैन पडेना. पहिला सोलो संपला की मी गाणं ऐकायचं सोडून खरखरीची वाट बघायला लागायचो. समोर जेवणाचं ताट आणि आपलं लक्ष भातातल्या खड्यावर. माझ्यासाठी एलपी तिथेच संपली.

सीडीला हा प्रश्नच नाही. ती आतून बाहेर वाचली जाते आणि फिरण्याचा वेग बदलत राहतो, सुरुवातीला मिनिटाला सुमारे 500 फेरे, कडेला येईपर्यंत 200. लेसरखालून खाच कायम एकाच गतीने सरकते. शेवटच्या मिनिटाला पहिल्या मिनिटाइतकीच जागा. 'द वॉल'ची सीडी मी पहिल्यांदा लावली तेव्हा तो सोलो अंगणातल्या पागोळ्यांच्या वरून जसा उभा राहिला, तसा त्याआधी आमच्या घरी कधी उभा राहिला नव्हता. हे मोजून सांगता येणार नाही. अंगावर काटा आला, एवढंच.

जागेवरून आठवलं. 'ब्रदर्स इन आर्म्स' 1985 साली आला तेव्हा सीडी नवी होती, आणि हा अल्बम सीडीवर दहा लाखांच्या पुढे गेलेल्या पहिल्या अल्बमांपैकी. त्या वेळच्या एका तबकडीच्या एलपीवर काही गाणी कापून छोटी केली होती, सीडीवर ती पूर्ण आहेत. 'व्हाय वरी'चा तर तीन मिनिटांचा शेवट एलपीवर गायब. तो शेवट म्हणजे नुसती हळूहळू विझणारी गिटार, आणि मला अख्ख्या अल्बमात तोच तुकडा सगळ्यात जवळचा. जुनी प्रत शोधत असाल तर हे लक्षात ठेवा. नंतरच्या दोन तबकड्यांच्या आवृत्त्यांत लांबी परत मिळते, पण किंमतही वाढते.

सीडीचं सगळं गोड आहे असं नाही. माझ्या प्लेअरचा ट्रे पावसाळ्यात उघडत नाही. आतला रबरी पट्टा सैल झालाय. बटण दाबायचं आणि त्याच वेळी ट्रेच्या खालच्या कडेला नख लावून ओढायचं, हे आता घरातल्या पोरांनाही जमतं. पुस्तिकेलाही बुरशी येतेच. आणि नव्याने मास्टर केलेल्या, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणाचा आवाज पुन्हा जुळवून काढलेल्या, सीडींपासून जरा सावध. आवाज इतका चढवलेला असतो की हळू आणि जोरात यांतला फरकच उरत नाही. मेटॅलिकाच्या 2008च्या 'डेथ मॅग्नेटिक'वर त्यांच्याच चाहत्यांनी याच कारणाने ओरड केली होती. शक्यतो ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या जुन्या सीडी घ्या. पुष्कळ जण घर आवरताना त्या मिठाईच्या खोक्यात भरून देऊन टाकतात. मला शंभर-दीडशेला एक अशा मिळाल्यात. नवी एलपी म्हटली की तीन हजारांची तयारी ठेवावी लागते, आणि मी मागवलेली एक तर पोळीसारखी फुगून आली होती. ती परत घ्यायला त्या दुकानाने दीड महिना लावला.

वीज जाण्याबद्दलही विचारतात. आमच्याकडे पावसात ती जातेच. सीडी गप्पकन थांबते. माझी एलपी मात्र फिरत फिरत थांबते, आणि गाणाऱ्याचा आवाज खाली खाली जात दशावतारातल्या राक्षसासारखा होतो. एका शनिवारी भर सोलोत हे झालं तेव्हा आम्ही पाच मिनिटं हसत होतो. सीडीवर अशी गंमत नाही, कबूल.

तर त्या मुलाला मी काय सांगितलं? तुझ्या वयाला कव्हर, बाजू उलटणं, लोकांना दाखवणं यात मजा असेल तर टर्नटेबल घे, मी अडवणार नाही. पण तू बैठकीत डोळे मिटून सोलो ऐकतोस ते मी बघितलंय. सीडी प्लेअर घे, जुना चांगला, आणि उरलेल्या पैशात पन्नासेक सीडी. विकत घेण्याआधी प्रत्येक सीडी उजेडासमोर धरून बघ. वरच्या छपाईच्या बाजूने टाचणीएवढी भोकं दिसली तर ठेवून दे, कारण अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत थर त्याच बाजूला असतो आणि ओरखडाही तिथलाच घातक.

त्याने विचारलं, "मग तुमचा टर्नटेबल विकता?"

नाही. माझ्या पिंक फ्लॉइडच्या 'विश यू वेअर हिअर'च्या प्रतीत पहिल्या गाण्यातल्या गिटारच्या त्या चार स्वरांतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या स्वराच्या मधे एक 'टिक' आहे. वीस वर्षं ती तिथेच आहे. सीडीवर ती येत नाही, आणि दर वेळी मी त्या जागी क्षणभर थांबतो.