आई-बाबांसाठी घेतलेला स्मार्ट टीव्ही : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीत मिरजेच्या घरी ४३ इंची स्मार्ट टीव्ही घेतला. आईची नजर काचबिंदूने जवळजवळ गेली आहे. उजेड-अंधार कळतो, तेवढंच. बाबांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, श्रवणयंत्र लावतात. टीव्ही एकच आणि बघणारे हे दोघं. एका वेळी, एकाच खोलीत बसून दोघांना एकच कार्यक्रम कळावा, एवढ्याचसाठी मी हा शोध घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढचं बरंचसं अँड्रॉइडवर चालणाऱ्या इतर टीव्हींनाही लागू पडेल.

चित्र छान आहे, वायफाय टिकतं. त्यावर जास्त लिहीत नाही.

आईसाठी टॉकबॅक सुरू केलं. रिमोटने ज्या चौकोनावर जाल त्याचं नाव टीव्ही मोठ्याने वाचतो. भाषा मराठी केली, बोलण्याचा वेग कमी केला. पहिले दहा दिवस आई वैतागली, कारण तिचं बोट पुढे आणि आवाज मागे. मग तिने स्वतःच रीत बसवली : एक बटण दाबायचं, वाक्य पुरं होऊ द्यायचं, मग दुसरं. आता ती एकटी यूट्यूब उघडून कीर्तन लावते. माइकचं बटण दाबून नाव घेतलं की बहुतेक वेळा बरोबर सापडतं. रिमोटवरच्या पाचच्या आकड्यावर उंचवटा होताच. ‘होम’ आणि ‘बॅक’ ओळखायला आधी टिकल्या चिकटवल्या, त्या आठवड्यात सुटल्या. मग एम-सीलचे बारीक ठिपके दिले. ते आजही घट्ट आहेत.

अडचण सेट-टॉप बॉक्सपाशी सुरू होते, आणि ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. टीव्ही बोलतो तो फक्त स्वतःच्या मेनूपुरता. बॉक्सची वायर लावून त्या इनपुटवर गेलात की पडद्यावर येणारा वाहिन्यांचा तक्ता, रिचार्ज संपल्याची पाटी, काहीच वाचलं जात नाही, कारण टीव्हीच्या दृष्टीने ते नुसतं चित्र असतं. आमचा बॉक्स मुका आहे. एकदा रिचार्ज संपलं तेव्हा आई अर्धा तास टीव्ही बिघडला असं समजून बसली होती. आता तिला नऊ वाहिन्यांचे नंबर पाठ आहेत. मधे नंबर बदलले तेव्हा पुन्हा पाठ केले. काही ओटीटी ॲपही तशीच : चौकोनावर गेलं की नुसतं ‘बटण, बटण’ ऐकू येतं.

बाबांचा प्रश्न वेगळा. आवाज वाढवला की आईचं डोकं दुखतं. ब्लूटूथ हेडफोन जोडला तर आमच्या टीव्हीचा स्पीकर बंद होतो, शिवाय ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. शेवटी उपयोगी पडली ती जुनीच पद्धत. बाबांच्या यंत्रात टेलिकॉइल आहे, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातून आवाज उचलणारी बारीक गुंडाळी. टीव्हीच्या ऑप्टिकल आउटला, म्हणजे आवाज बाहेर नेणाऱ्या खाचेला, कन्व्हर्टर लावला. त्यातून लूपला, म्हणजे ते चुंबकीय क्षेत्र तयार करणाऱ्या, गळ्यात घालायच्या वायरच्या माळेला जोडणी दिली. यंत्र ‘टी’वर ठेवलं की टीव्हीचा आवाज थेट कानात, आणि स्पीकर आईपुरता हळू सुरूच.

पण ‘टी’वर यंत्राचा स्वतःचा माइक बंद असतो. म्हणजे बाबांना मालिका ऐकू येऊ लागली आणि शेजारी बसलेली आई ऐकू येईना. आमच्या मालिकांत एखादी गोष्ट घडली की कोणी बोलत नाही. नुसते चेहरे दिसतात आणि ढोल वाजतात. तेव्हा आई विचारते, “अहो, काय झालं?” इतकी वर्षं बाबाच तिला सांगत आलेत : दार उघडलं, सासू आली, पत्र फाडलं. ते पहिल्या आठवड्यात थांबलं. ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन ‘एमटी’ हा प्रोग्राम टाकून घेतला, त्यात माइक आणि टेलिकॉइल दोन्ही चालतात. लूप घेणार असाल तर हे आधी करून घ्या.

बाबा जे करतात ते टीव्हीने करायचं काम आहे. ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणतात त्याला : संवादांच्या मधल्या जागेत, पडद्यावर काय घडतंय ते सांगणारा आवाज. नेटफ्लिक्सवर काही हिंदी मालिकांना तो आहे. आईने पहिल्यांदा ऐकला आणि म्हणाली, “हे तर रेडिओसारखं आहे.” रेडिओवर बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं मराठी समालोचन ऐकत ती मोठी झाली. चेंडू कुठे पडला, क्षेत्ररक्षक कुठून धावला, सगळं डोळ्यांपुढे उभं राहायचं. मराठी कार्यक्रमात अशी सोय मला या नऊ महिन्यांत एकदाही सापडली नाही.

बाबांना लागणाऱ्या पडद्यावरच्या अक्षरांचं तर त्याहून जास्त मनाला लागतं. कॅप्शन मोठी, काळ्यावर पिवळी, हवी तशी करता येतात. पण हवीत तर खरी! ओटीटीवर आम्ही लावलेल्या बहुतेक मराठी चित्रपटांना सबटायटल्स इंग्रजीत होती, म्हणजे मराठी न येणाऱ्यांसाठी. ज्याची भाषाच मराठी आहे आणि फक्त कान गेलेत, त्याला मराठी अक्षरं नाहीत. दूरदर्शनच्या ‘चित्रहार’ आणि ‘रंगोली’त हिंदी गाण्यांच्या ओळी हिंदीतच पडद्यावर यायच्या. ब्रिज कोठारी यांच्या प्लॅनेटरीड या संस्थेने ते साक्षरतेसाठी केलं होतं, पण बाबा ती गाणी त्या ओळींवरच ऐकायचे.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४२मध्ये ऑडिओ डिस्क्रिप्शन, सांकेतिक भाषा आणि कॅप्शन या तिन्हींचा उल्लेख आहे. २०१९मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने टीव्हीसाठी मानकं काढली, ती कर्णबधिर प्रेक्षकांपुरती. आईसारख्यांना त्यांत जागा नाही, आणि बाबांना असूनही आमच्या मराठी मालिकांपर्यंत ती पोचलेली नाहीत.

सातव्या महिन्यात एका अपडेटनंतर टॉकबॅक आपोआप बंद पडलं. आमच्या रिमोटवर ‘बॅक’ आणि ‘खाली’ ही बटणं एकत्र तीन सेकंद दाबली की ते परत सुरू होतं. हे आईला आधी शिकवून ठेवायला हवं होतं. दोन दिवस तिने माझ्या फोनची वाट बघितली.

टीव्ही घ्यावा का? घ्यावा. दुकानात मात्र टॉकबॅक लावायला सांगा, डोळे मिटा आणि स्वतः एक कार्यक्रम शोधून बघा. श्रवणयंत्र वापरणारं माणूस घरात असेल तर ऑप्टिकल आउट आहे का आणि ते चालू असताना स्पीकर वाजतो का, तेही तपासा.

रात्री नऊच्या मालिकेला मराठी अक्षरं द्या, असं पत्र बाबांनी जानेवारीत वाहिनीला पाठवलं होतं. उत्तर नाही. मागच्या आठवड्यात दुसरं पाठवलं. या वेळी खाली आईने सांगितलेला मजकूरही आहे.